लपवलेला टाका : फेसलिफ्टच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

शस्त्रक्रियांच्या इतिहासात बहुतेक शोधांची तारीख सांगता येते, कारण नवी क्रिया यशस्वी झाली की ती करणारा शल्यविशारद शक्य तितक्या लवकर ती वैद्यकीय सभेपुढे मांडतो आणि ती प्रथम केल्याचा मान आपल्याकडे राखून ठेवतो. फेसलिफ्ट, म्हणजे वयोमानाने सैल पडून ओघळलेली कपाळाची, गालांची व मानेची त्वचा आणि तिच्याखालचे थर वर उचलून बसवण्याची शस्त्रक्रिया, या रीतीला अपवाद आहे. ती प्रथम कोणी व केव्हा केली याविषयीचे दावे ती केली गेल्यानंतर पंचवीस-तीस वर्षांनी, तेही काहीशा संकोचाने, पुढे आले. ज्यांनी ती करून घेतली त्यांना ती लपवायची होती हे समजण्यासारखे आहे; परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी ती केली त्यांनाही ती लपवायची होती, आणि या दुहेरी लपवाछपवीने या शस्त्रक्रियेचे तंत्रही घडवले. छेद कोठे घ्यावा, तो किती लांब असावा, आणि त्यातून हात किती खोलवर न्यावा, या तीन प्रश्नांभोवती गेल्या सव्वाशे वर्षांतील सारे बदल फिरत राहिले आहेत.

बर्लिनचे शल्यविशारद ओय्गेन होलेंडर यांनी १९३२ साली असे नमूद केले की १९०१ मध्ये त्यांनी एका पोलिश खानदानी स्त्रीच्या केसांच्या कडेलगतचे व कानांजवळचे त्वचेचे तुकडे कापून काढून उरलेली त्वचा ताणून शिवली होती. १९१२ साली एका ग्रंथातील लेखात त्यांनी या गोष्टीचा ओझरता उल्लेख केला होता, पण तो स्त्रीच्या आग्रहाला आपण बळी पडलो अशा थाटात. हेच होलेंडर कलेतील वैद्यक या विषयाचे जाणकार होते आणि जुन्या चित्रांतील रोग व वैद्य यांविषयी त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला होता. चित्रांतील चेहऱ्यांबद्दल इतके मोकळेपणाने लिहिणाऱ्या या गृहस्थाने स्वतः बदललेल्या चेहऱ्याबद्दल तीन दशके जवळजवळ मौन पाळावे, यातच त्या काळचे वातावरण दिसते. दुसरे जर्मन शल्यविशारद एरिक लेक्सर यांनी १९३१ मध्ये सांगितले की १९०६ साली त्यांनी एका अभिनेत्रीवर अशीच क्रिया केली होती; ही स्त्री रात्री झोपताना गालांना चिकटपट्ट्या लावून त्या डोक्यावरून रबरी फितीने ताणून ठेवत असे, आणि वर्षानुवर्षांच्या या ताणाने तिची त्वचा अधिकच सैल झाली होती. हे दोन्ही दावे स्वतः दावेदारांच्याच शब्दांवर उभे आहेत. त्यातल्या त्यात वेळेवर छापलेल्या लेखनाचा विचार केला तर पॅरिसच्या रेमाँ पासो यांचा १९१९ मधील सुरकुत्यांवरच्या शस्त्रक्रियेचा लेख अधिक भरवशाचा पुरावा ठरतो.

ही क्रिया जन्मली तेव्हा तिच्यापुढे एक सोपा दिसणारा पर्याय उभा होता. व्हिएन्नाचे रोबेर्ट गेर्सूनी यांनी १८९९ च्या सुमारास पातळ केलेले व्हॅसलिन त्वचेखाली टोचून पोकळी भरण्याची पद्धत सुरू केली, आणि लवकरच तिच्या जोडीला पॅराफिन, म्हणजे मेणासारखा खनिज पदार्थ, वापरला जाऊ लागला. सुरी नाही, टाके नाहीत, काही मिनिटांत सुरकुती भरून येते, या मोहाने युरोप-अमेरिकेतील अनेकांनी ते टोचून घेतले. काही महिन्यांनी वा वर्षांनी ते मेण जागेवरून सरकले, त्याभोवती कठीण गाठी बांधल्या गेल्या, त्वचा फुटली, आणि त्या गाठी काढायला शेवटी सुरीच हाती घ्यावी लागली. छेदाविना तारुण्य हे आश्वासन या व्यवसायाच्या अगदी पहिल्या पानावर आहे, आणि त्याचा पहिला अनुभव असा आहे.

अमेरिकेत शिकागोच्या चार्ल्स मिलर यांनी १९०७ मध्ये चेहऱ्यातील दोष दुरुस्त करण्याविषयी एक छोटे पुस्तक काढले. त्यांना काही इतिहासकार द्रष्टा मानतात तर काही भोंदू, आणि दोन्हींना आधार आहे. प्रतिष्ठित वैद्यकीय संस्था जाहिरात करणाऱ्या डॉक्टरांना दूर ठेवीत, त्यामुळे हे काम बरेचसे जाहिरातदारांच्याच हाती राहिले, आणि जाहिरातदारांच्या हाती राहिले म्हणून ते प्रतिष्ठितांना अधिकच अस्पृश्य वाटले.

ही कोंडी फोडण्याचे काम एका स्त्रीने केले. सुझान नोएल यांचा जन्म १८७८ मध्ये फ्रान्समधील लाँ या गावी झाला. विवाहानंतर त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि त्वचारोगांच्या विभागात काम सुरू केले. १९१२ च्या सुमारास प्रख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट अमेरिकेहून परतली तेव्हा तेथे तिच्या डोक्याच्या त्वचेची एक पट्टी कापून कपाळ वर ओढल्याची बातमी पसरली होती. कपाळ व डोळ्यांच्या कडा नितळ झाल्या होत्या, परंतु चेहऱ्याचा खालचा भाग होता तसाच राहिला होता. या अर्धवट यशाने नोएल यांचे कुतूहल चाळवले. त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरची त्वचा निरनिराळ्या ठिकाणी चिमटीत धरून कोणत्या जागी ओढले असता कोणती सुरकुती नाहीशी होते हे पाहिले, सशांच्या त्वचेवर प्रयोग केले, आणि मग माणसांवर काम सुरू केले. पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात इपोलित मोरेस्तँ यांच्या हाताखाली तोफगोळ्यांनी छिन्नविच्छिन्न झालेल्या चेहऱ्यांवर काम करण्याची संधी त्यांना मिळाली, आणि ही तालीम पुढे त्यांच्या उपयोगी पडली.

नोएल यांचे तंत्र मुद्दाम लहान ठेवलेले होते. केवळ सुरीच्या जागेपुरती बधिरता आणणारे औषध टोचून, केसांत किंवा कानाच्या कडेला त्वचेची लहान लांबट चकती कापून, टाके घालून, केस त्यावरून विंचरून, रुग्ण स्त्री थोड्या वेळाने चालत घरी जाई. महिनाभरानंतर हवे तर दुसऱ्या जागी पुन्हा थोडे. हे सारे पॅरिसमधील त्यांच्या राहत्या घरातील दवाखान्यात चाले. अशा पद्धतीमागे शल्यशास्त्राइतकेच समाजशास्त्रही होते. त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांत धनिक होत्या, तशाच दुकानांत, कचेऱ्यांत व रंगमंचावर काम करणाऱ्याही होत्या, आणि चेहरा वयस्क दिसू लागला की यांची नोकरी जाई. अशा स्त्रीला पंधरा दिवसांची रजा परवडणार नव्हती, की रजेचे कारण सांगणेही शक्य नव्हते. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच नोएल यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक कार्याचा उल्लेख केला, आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे त्यात छापली. त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या होत्या. १९२४ मध्ये पॅरिस येथे सोरॉप्टिमिस्ट या नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेची शाखा त्यांनी स्थापन केली, आणि १९२८ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. एका बाजूने स्त्रीला वयावरून जोखणाऱ्या समाजाशी भांडावे आणि दुसऱ्या बाजूने त्याच समाजाच्या अटीप्रमाणे तिचा चेहरा तरुण करून द्यावा, यात विसंगती आहे असा आक्षेप पुढील काळातील स्त्रीवाद्यांनी या व्यवसायावर वारंवार घेतला. नोएल यांच्यापुरते उत्तर असे देता येते की मताधिकार मिळेपर्यंत त्या स्त्रियांना पगार तर मिळायला हवा होता. फ्रान्समध्ये तो अधिकार मिळायला १९४४ उजाडले.

युद्धात चेहरे गमावलेल्या सैनिकांवर होणारी शस्त्रक्रिया आणि सुरकुत्यांवरची शस्त्रक्रिया यांचे नाते मात्र तणावाचे राहिले. इंग्लंडमध्ये हॅरल्ड गिलीज यांनी १९१७ पासून सिडकप येथील क्वीन्स हॉस्पिटलमध्ये ५ हजारांहून अधिक सैनिकांचे चेहरे दुरुस्त केले, आणि आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचा पाया येथे घातला गेला असे मानले जाते. या पायाखाली आणखी एक जुना थर आहे आणि तो पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजण्याचे काम करणाऱ्या, म्हणजे कुंभारकी करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी मेणाच्या साच्याबरहुकूम कापून, मुळाशी जोडलेली ठेवूनच खाली वळवून तिचे नाक बनवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकात तिचा वृत्तांत आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच नाक तयार केले आणि युरोपात या क्रियेला पुन्हा चालना मिळाली.

कावसजीच्या चित्रात नव्या नाकाच्या वर, कपाळावरून कातडी उचललेल्या जागी राहिलेला व्रण स्पष्ट दिसतो, आणि तो लपवावा असे ना त्या कारागिराला वाटले ना चित्रकाराला. जे नव्हते ते परत मिळाले, यापुढे व्रणाला कोणी विचारीत नाही. सुरकुत्यांच्या शस्त्रक्रियेत हिशेब उलटा होतो. तेथे व्रण दिसला की सारे काम फुकट जाते, कारण विकत घेतलेली वस्तू तारुण्य नसून ते जन्मजात असल्याचा भास असते. एकाच कौशल्याच्या या दोन शाखांमधला खरा भेद हाच आहे, आणि दुसऱ्या शाखेने व्रण लपवण्यासाठी जेवढी बुद्धी खर्च केली तेवढी पहिलीला कधी करावी लागली नाही.

या दोन शाखा एकाच चेहऱ्यावर एकत्र आल्याचे उदाहरणही महाराष्ट्रातच मिळते. गिलीज यांच्याकडे शिकलेले नोशिर अंतिया भारतात परतल्यावर १९५० च्या दशकात पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात जंतूंच्या प्रसाराने चेहऱ्याची त्वचा जाड व गाठाळ होते; डॅप्सोनसारख्या औषधांनी रोग आटोक्यात आला की त्या गाठी विरतात, परंतु त्वचेतील लवचीक तंतू नष्ट झालेले असल्यामुळे ती घड्या पडून लोंबू लागते, भुवया झडतात, नाक बसते, आणि तिशीतला माणूस साठीचा दिसू लागतो. जंतू उरलेले नसतात, पण चेहरा रोगाची साक्ष देत राहतो, आणि गावात, बाजारात वा कामावर त्या माणसाला कोणी जवळ करीत नाही. अशा रुग्णांसाठी अंतिया व त्यांच्या समकालीनांनी ज्या शस्त्रक्रिया केल्या त्यांत बसलेले नाक आतून अस्तर लावून उचलणे व भुवयांचे रोपण करणे यांच्या जोडीला फेसलिफ्टही होती. पॅरिसमधील घरगुती दवाखान्यात वाढलेली ही क्रिया येथे कुष्ठरुग्णाला रोजगाराकडे परत नेण्याच्या कामी आली. सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणजे रिकामटेकड्या श्रीमंतांची चैन, हा समज सरसकट मान्य करणाऱ्यांनी कोंढव्याचे हे प्रकरण विचारात घेतलेले दिसत नाही.

तंत्राच्या बाजूने पाहता पहिली सत्तर वर्षे फेसलिफ्ट त्वचेपुरतीच राहिली. १९२० च्या दशकात छेद लांब झाले, कानासमोरून व कानामागून फिरवले गेले, त्वचा खालच्या चरबीपासून बरीच दूरवर मोकळी केली जाऊ लागली; पण ओढली जाई ती त्वचाच. या पद्धतीचे दोन दोष होते. त्वचा ही मुळातच ताणली जाणारी वस्तू असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत ती पुन्हा सैल पडे, आणि दीर्घ टिकावासाठी अधिक जोराने ओढावे तर तोंडाचे कोपरे कानाकडे खेचलेले, डोळे ताणलेले, जोराच्या वाऱ्याला तोंड दिल्यासारखा चेहरा तयार होई. उशीचा अभ्रा कितीही ओढून बसवला तरी आतला कापूस जागचा हलत नाही, तसे हे होते.

आतल्या कापसापर्यंत पोहोचण्याचा मार्ग स्वीडनमधील उप्साला येथील टॉर्ड स्कूग यांनी दाखवला. त्वचा तिच्याखालच्या तंतुमय थरापासून सोडवण्याऐवजी दोन्ही थर एकत्र उचलण्याची पद्धत त्यांनी १९७४ मधील आपल्या ग्रंथात वर्णिली. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, पॅरिसमधील व्लादिमीर मिट्झ आणि मार्तीन पेरोनी यांनी शवविच्छेदनाच्या आधारे या थराची नेमकी रचना प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्मास' या नावाने ओळखला जाणारा हा थर चेहऱ्याच्या भाव दाखवणाऱ्या स्नायूंना एकमेकांशी व त्वचेशी जोडतो. तो उचलला की गाल उचलला जातो, त्वचेवर ताण द्यावा लागत नाही, आणि ताण नसल्यामुळे कानाजवळचा व्रणही बारीक राहतो. या थराच्या खालून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या जातात. कानाच्या पुढच्या ग्रंथीतून बाहेर पडून भुवईकडे, पापणीकडे, ओठांकडे व हनुवटीकडे पसरणाऱ्या या फांद्यांपैकी एखादी कापली गेली तर भुवई उचलली जात नाही किंवा हसताना तोंड वाकडे होते. म्हणूनच स्कूगपूर्व पिढी या थराखाली जाण्यास धजत नव्हती. तिच्यापाशी सुरीपेक्षा नकाशाची उणीव होती. मिट्झ व पेरोनी यांच्या आराखड्यानंतर १९८९ मध्ये डेव्हिड फर्नास यांनी गालाला हाडाशी बांधून ठेवणारे अस्थिबंध वर्णिले, आणि १९९० मध्ये डॅलसच्या सॅम हॅम्रा यांनी ते बंध सोडवून स्मासखालच्या पातळीतून गाल अखंड उचलण्याची पद्धत मांडली. तिकडे पॅरिसमध्ये जन्मजात वाकड्या कवट्यांवर काम करणारे पॉल तेसिए १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणखी खाली उतरले होते. हाडावरचे पातळ आवरणच हाडापासून सोडवून त्याच्यावरचा सारा चेहरा मुखवट्यासारखा एकसंध वर सरकवता येतो, हे त्यांनी दाखवले. खोली इतकी साधली, तरी लांबी मात्र कमी झाली नव्हती. कपाळ उचलायचे तर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून केसांतून आडवा छेद घ्यावा लागे. त्याने केसांची रेषा मागे सरके, छेदालगत टक्कल पडण्याची भीती असे, आणि छेदामागची डोक्याची त्वचा कित्येक महिने, कधी कायमची, बधिर राही.

ही लांबी घटवण्याचे साधन चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतून आले नाही. शरीराच्या आत डोकावण्याच्या नळीचा, म्हणजे एंडोस्कोपचा, इतिहास फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी यांच्या मेणबत्तीच्या प्रकाशावर चालणाऱ्या १८०६ मधील उपकरणापासून सुरू होतो. १८७९ मध्ये माक्सिमिलियान नित्से यांनी मूत्राशय पाहण्याची भिंगयुक्त नळी दाखवली, आणि १९५९ मध्ये इंग्लंडमधील हॅरल्ड हॉपकिन्स यांनी नळीतील लहान भिंगांच्या जागी काचेच्या लांब कांड्या बसवून प्रकाश व स्पष्टता कितीतरी पटींनी वाढवली. नळीच्या टोकाला लहान कॅमेरा लागून चित्र पडद्यावर दिसू लागले तेव्हा शल्यविशारदाचे दोन्ही हात मोकळे झाले. १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूए यांनी आणि १९८७ मध्ये फ्रान्समधील लिआँ येथे फिलिप मूरे यांनी या साधनाने पित्ताशय काढले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतात ही शस्त्रक्रिया केली, आणि काही वर्षांतच 'दुर्बिणीचे ऑपरेशन' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. पोटातील हे यश पाहून चेहऱ्यावर काम करणाऱ्यांना त्याचा मोह न पडता तर नवल होते.

अडचण अशी होती की पोटात वायू भरून पोकळी करता येते, चेहऱ्यात तशी पोकळी नसते. तेसिए यांनी शोधलेली हाडालगतची पातळी येथे उपयोगी पडली, कारण कपाळाच्या हाडावरचे आवरण सोडवले की हाड व आवरण यांच्यामध्ये कमी रक्तस्रावाची, स्पष्ट दिसणारी जागा तयार होते आणि एका लहान आकड्याने ती उचलून धरता येते. १९९२ च्या सुमारास अलाबामातील लुइस व्हास्कोनेझ आणि कॅलिफोर्नियातील निकानोर इस्से यांनी या मार्गाने कपाळ व भुवया उचलण्याची क्रिया पुढे आणली. केसांच्या रेषेमागे दीड-दोन सेंटिमीटरचे तीन ते पाच छेद, त्यांपैकी एकातून ४ ते ५ मिलिमीटर जाडीची, टोकाशी तिरपी पाहणारी नळी, दुसऱ्यातून लांब वाकडी हत्यारे. कपाळावरून खाली येत डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेशी आवरण चिरायचे, भुवयांमध्ये आठ्या पाडणारे स्नायू सैल करायचे, कपाळाला संवेदना देणारा मज्जातंतू पडद्यावर पाहत जपायचा, आणि मोकळे झालेले कपाळ वर सरकवून हाडाशी टाक्याने, स्क्रूने किंवा २००० नंतर आलेल्या, शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या आकड्यांनी अडकवायचे, असा तिचा क्रम. कानशिलाच्या बाजूस भुवईची हालचाल करणाऱ्या मज्जातंतूची फांदी ज्या थरात असते त्याच्या एक थर खालून जावे लागते, आणि तेथे एक लहान शीर वाटेत आडवी येते. ही शीर दिसली की मज्जातंतू जवळ आला असे या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेणाऱ्याला सांगितले जाते.

कपाळानंतर गालाची पाळी आली. बाल्टिमोरचे ऑस्कर रामिरेझ यांनी १९९४ मध्ये संपूर्ण चेहऱ्याची एंडोस्कोपिक फेसलिफ्ट वर्णिली. कानशिलावरील छेद आणि वरच्या ओठाच्या आत, हिरडीवरचा छेद यांतून गालाच्या हाडावरील थर सोडवून ते उभ्या दिशेने वर घेतले जातात, कानासमोर व्रण राहत नाही, आणि गालांची उंची पुन्हा डोळ्यांजवळ येते. जुन्या पद्धतीतील कानाकडचा आडवा ताण येथे नव्हता, म्हणून चेहरा ओढल्यासारखा दिसत नसे. नैसर्गिक दिसणे हा शब्द या व्यवसायाच्या जाहिरातींत जो रूढ झाला तो याच सुमारास, आणि ज्यांना हे नैसर्गिकपण छेद लहान असल्यामुळे आले असे वाटले त्यांची चूक झाली; ते ओढण्याची दिशा बदलल्यामुळे व ताण त्वचेवरून खोल थरावर नेल्यामुळे आले होते. बेल्जियममधील गेंट येथील पॅट्रिक टोनार्ड आणि अलेक्सिस व्हर्पेल यांनी २००२ मध्ये कानासमोरील आखूड छेदातून, दुर्बीण न वापरता, टाक्यांनी गाल उभ्या दिशेने उचलून जवळपास तसाच परिणाम मिळवला, याने हा मुद्दा पुरेसा सिद्ध होतो.

दुर्बिणीची मर्यादा तिच्या गुणातच होती. त्वचा कापून काढायची नाही म्हणूनच छेद लहान राहतो. पण जबड्याखाली व मानेवर लोंबणारी जास्तीची त्वचा कापल्याशिवाय जात नाही, आणि ती एवढ्याशा भोकातून काढता येत नाही. चाळिशीतील, जिची त्वचा अजून घट्ट आहे पण भुवया व गाल उतरले आहेत अशा व्यक्तीला ही क्रिया लाभते; साठीतील सैल मानेला नाही. शिवाय कपाळाच्या क्षेत्रातही तिला लवकरच प्रतिस्पर्धी मिळाला. कॅनडातील व्हँकूव्हर येथे नेत्रतज्ज्ञ जीन कॅरूथर्स पापण्यांच्या आचक्यांवर बोट्युलिनम हे विष अत्यल्प मात्रेत टोचत असताना त्या जागेजवळच्या आठ्या नाहीशा झाल्याचे १९८७ मध्ये लक्षात आले. त्वचारोगतज्ज्ञ असलेले त्यांचे पती ॲलेस्टर यांच्यासह त्यांनी त्याचा अभ्यास १९९२ मध्ये, म्हणजे दुर्बीण कपाळावर आली त्याच सुमारास, प्रसिद्ध केला. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भुवयांमधील आठ्यांसाठी याच विषापासून बनवलेल्या बोटॉक्सला मान्यता दिली, आणि ज्या आठ्यांसाठी भूल देऊन स्नायू सैल करावे लागत त्या दहा मिनिटांत, जरी काही महिन्यांपुरत्याच, मिटू लागल्या.

त्याच दशकात वार्धक्याबद्दलची मूळ कल्पनाही डळमळली. २००७ मध्ये व्हॅल लॅम्ब्रोस यांनी एकाच व्यक्तीची अनेक वर्षांच्या अंतराने काढलेली छायाचित्रे एकमेकांवर ठेवून दाखवले की तीळ व इतर खुणा अपेक्षेइतक्या खाली आलेल्या नसतात. त्याच वर्षी डॅलसमधील रॉड रोहरिच आणि जोएल पेसा यांनी चेहऱ्यावरील चरबी एकसंध नसून वेगवेगळ्या कप्प्यांत असते हे विच्छेदनाने मांडले. चेहरा ओघळतो तितकाच किंवा त्याहून अधिक तो आतून आटतो, असा याचा अर्थ निघाला, आणि न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी १९९० च्या दशकात बसवलेली, पोटातील वा मांडीतील चरबी काढून चेहऱ्यात बारीक थेंबांनी भरण्याची पद्धत उचलण्याच्या शस्त्रक्रियेची जोडीदार बनली. एका अर्थाने हा गेर्सूनीच्या भरण्याच्या कल्पनेचा पुनर्जन्मच, फक्त खनिज मेणाऐवजी स्वतःच्या शरीरातील द्रव्य घेऊन.

१९९० च्या दशकात दुर्बिणीच्या फेसलिफ्टविषयी जे दावे केले गेले त्यांचा आज हिशेब मांडला तर भुवया व कपाळ यांविषयीचा दावा टिकला आहे. डोक्यावरील कानापासून कानापर्यंतचा छेद मागे पडला तो तिच्यामुळे. गालांविषयीचा दावा निवडक चेहऱ्यांपुरता खरा ठरला, आणि तेथेही खोल थरातील जुन्या मार्गाने तितकेच, कित्येकदा अधिक टिकाऊ, फळ मिळते. मान व जबडा यांविषयीचा दावा टिकला नाही, आणि त्या भागाची सैल त्वचा लहान छेदातून दुरुस्त होईल असे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीला शल्यशास्त्राचा आधार नाही.